पहिल्या अंकांची सूची : कामाच्या नोंदी

४ जुलै २०२५

अमेरिकन कॉमिक्सच्या पहिल्या अंकांची मराठी सूची करायची, हे ठरून बराच काळ झाला होता. आज तक्ता उघडला. १९३३ पासूनच्या निवडक मालिका घ्यायच्या. रकाने तूर्त असे: मालिकेचं नाव, प्रकाशक, क्रमांक, मुखपृष्ठावरचा महिना, विक्रीला आल्याची तारीख, किंमत, लेखक-चित्रकार, छापील प्रती.

तक्त्याची तांत्रिक बाजू सांभाळणारी मैत्रीण म्हणाली, "अरे, पहिल्या अंकांच्या सूचीत क्रमांकाचा रकाना कशाला? सगळीकडे १च येणार ना!" तिला म्हटलं, व्हिझ कॉमिक्सचा पहिला अंक २ आहे, फ्लॅशचा १०५ आणि अंकल स्क्रूजचा ४. रकाना राहिला.

छापील प्रतींबाबत एक नियम आत्ताच लिहून ठेवतो. छापलेल्या प्रती आणि खपलेल्या प्रती हे दोन वेगळे आकडे आहेत आणि जुन्या अंकांच्या बाबतीत दोन्ही बहुतेकदा कुणीतरी आठवून सांगितलेले असतात. तसा आकडा असेल तर पुढे 'सांगोवांगी' असा शेरा मारायचा. अमेरिकेत १९६० नंतर टपाल सवलत घेणाऱ्या नियतकालिकांना वर्षातून एकदा सरासरी खप अंकातच छापावा लागे. तिथून पुढे जरा पाय टेकायला जमीन मिळते.

९ जुलै

सुरुवात सोप्या नोंदीने. अ‍ॅक्शन कॉमिक्स १: मुखपृष्ठावर जून १९३८, विक्रीला १८ एप्रिल १९३८, किंमत १० सेंट. मुखपृष्ठावरचा महिना पुढचा टाकायची रीत स्टॉलवाल्यांसाठी होती. त्यांच्या लेखी तो महिना म्हणजे अंक कधी उतरवायचा याची खूण. एप्रिलच्या अंकावर एप्रिल छापला तर मे उजाडताच तो शिळा ठरून परत जाणार. म्हणून सूचीत दोन्ही तारखा हव्यात. खरी तारीख सापडते ती कॉपीराइट नोंदणीच्या सरकारी यादीत, कारण तिथे प्रकाशकाला प्रकाशनाचा दिवस लिहून द्यावा लागे.

सुपरमॅनची ती पहिली गोष्ट १३ पानांची. पानाला १० डॉलर दराने जेरी सीगल आणि जो शूस्टर यांना १३० डॉलर मिळाले आणि त्यातच पात्राचे सगळे हक्क गेले. त्या १३० डॉलरसह इतर कामाचे पैसे धरून दिलेला ४१२ डॉलरचा धनादेश २०१२ साली १,६०,००० डॉलरला लिलावात गेला. खुद्द अंकाची एक उत्तम प्रत २०१४ साली ३२,०७,८५२ डॉलरला विकली गेली. सूचीत किमतीचा रकाना फक्त छापील किमतीचा राहील. लिलावाचे आकडे भरायला लागलो तर दर सहा महिन्यांनी सगळं पुन्हा लिहावं लागेल.

इथेच एक फाटा फुटतो. सुपरमॅन या मालिकेचा पहिला अंक हा नव्हेच. तो १९३९ च्या उन्हाळ्यातला, आणि त्यातला बराचसा मजकूर अ‍ॅक्शनच्या पहिल्या चार अंकांतला. तेच बॅटमॅनचं: डिटेक्टिव्ह कॉमिक्स १ मार्च १९३७ चा, त्यात बॅटमॅन नाही. तो अवतरला २७ व्या अंकात, मे १९३९ ला. आणि बॅटमॅन १ हा १९४० च्या वसंतातला. जोकर आणि कॅटवुमन त्यात पहिल्यांदा दिसतात. संग्राहक पात्राच्या पदार्पणाला जास्त मान देतात, पण आपली सूची मालिकांची आहे. पदार्पण वेगळ्या रकान्यात.

१५ जुलै

सर्वांत पहिला पहिला अंक कोणता?

फेमस फनीज या एकाच नावाला तीन दावेदार निघाले. कनेक्टिकटमधल्या ईस्टर्न कलर प्रिंटिंग या छापखान्याने १९३३ मध्ये वर्तमानपत्रातल्या रंगीत चित्रपट्ट्या लहान करून, कागद आणखी एकदा दुमडून 'फनीज ऑन परेड' नावाची पुस्तिका काढली. ती एका साबण कंपनीची कुपनावर मिळणारी भेट होती. मग त्याच साली 'फेमस फनीज : अ कार्निव्हल ऑफ कॉमिक्स', तीही मुख्यतः भेट म्हणूनच. मग १९३४ मध्ये 'फेमस फनीज सीरिज १', ही मोठ्या दुकानांतून १० सेंटला विकली गेली. आणि मग जुलै १९३४ चा फेमस फनीज १, जो स्टॉलवर आला आणि ज्याच्या मागोमाग २, ३, ४ निघत राहिले. १९५५ पर्यंत २१८ अंक.

मी शेवटच्याला पहिला धरलं. ज्याच्यामागे दुसरा येतो तो पहिला, इतकी साधी कसोटी. बाकी तिघांना 'पूर्वज' या नव्या रकान्यात बसवलं.

फेब्रुवारी १९३५ चा न्यू फन १ वेगळ्या कारणासाठी महत्त्वाचा: त्यातला मजकूर वर्तमानपत्रातून उचललेला नव्हता, नवा काढून घेतलेला होता. मेजर माल्कम व्हीलर-निकल्सन यांची ही कंपनी पुढे डीसी (सुपरमॅन-बॅटमॅनची प्रकाशक) झाली आणि तोवर मेजरसाहेब बाहेर फेकले गेले होते. आकाराने तो अंक वर्तमानपत्राच्या पुरवणीएवढा, आतली पानं काळी-पांढरी.

२२ जुलै

मार्व्हल कॉमिक्स १ चा सगळा दिवस गेला, आणि मजेत गेला.

प्रकाशक मार्टिन गुडमन, कंपनी टायमली. अंक त्यांच्या कचेरीत तयार झालाच नाही. तो फनीज इन्कॉर्पोरेटेड या संस्थेने बाहेरून तयार करून दिला. त्या काळी अशी तयार माल पुरवणारी बरीच दुकानं होती: लेखक, चित्रकार, अक्षरलेखक त्यांचे; प्रकाशकाने फक्त छापायचं. ह्यूमन टॉर्च कार्ल बर्गोस यांचा, सब-मरिनर बिल एव्हरेट यांचा.

मुखपृष्ठावरचा महिना ऑक्टोबर १९३९. पण बहुतेक प्रतींवर ऑक्टोबरच्या जागी काळा गोल मारून त्यावर नोव्हेंबर छापलेलं आहे. अंक हातोहात संपला, पुन्हा छापला, आणि नवा माल महिन्याभरात जुना दिसू नये म्हणून तारीख बदलली. पहिल्या खेपेला ८०,००० आणि दुसऱ्या खेपेला ८,००,००० हे आकडे सगळीकडे दिसतात. शेरा: सांगोवांगी. नुसत्या ऑक्टोबरच्या प्रती फार थोड्या आहेत आणि लिलावात त्यांचा तोरा वेगळा असतो. तक्त्यात मात्र दोन्ही एकाच ओळीत, 'छपाई' या उप-रकान्यासह.

आता सब-मरिनर. त्याची गोष्ट या अंकासाठी लिहिलेलीच नव्हती. फनीज इन्कॉर्पोरेटेडने १९३९ मध्येच 'मोशन पिक्चर फनीज वीकली' नावाचं साप्ताहिक बेतलं होतं. चित्रपटगृहांनी ते प्रेक्षकांना फुकट वाटायचं, अशी कल्पना. ते चाललं नाही. नमुन्याच्या मोजक्या प्रती १९७४ मध्ये त्या संस्थेच्या दिवंगत मालकाच्या सामानात सापडल्या. त्यात सब-मरिनरची ८ पानं आहेत. मार्व्हल कॉमिक्समध्ये ती वाढवून १२ केली. जुन्या आठव्या पानाच्या शेवटच्या चौकटीत 'पुढील आठवड्यात' असा मजकुराचा छोटा खोका होता. बारा पानी गोष्टीतही तो खोका तसाच आहे, फक्त आतली अक्षरं पुसलेली. रिकामा खोका, चित्राच्या कोपऱ्यात, काहीही न सांगणारा. ज्याला मागचा इतिहास माहीत नाही त्याला तो चित्रकाराचा विसरभोळेपणा वाटेल.

आणि दुसरा अंक? त्यावर नाव 'मार्व्हल मिस्टरी कॉमिक्स', क्रमांक २. म्हणजे मार्व्हल कॉमिक्स या नावाखाली निघालेला हा अंक पहिला, आणि त्या घडीला शेवटचाही.

२ ऑगस्ट

व्हिझ कॉमिक्स, प्रकाशक फॉसेट, फेब्रुवारी १९४०. कॅप्टन मार्व्हलचा पहिला अंक, क्रमांक २. क्रमांक १ कुठल्याही स्टॉलवर कधीच आला नाही.

कारण नावाच्या मालकीत आहे. एखादं नाव आपलं म्हणून राखायचं तर त्या नावाने काहीतरी छापलेलं दाखवावं लागे. त्यासाठी प्रकाशक काळ्या-पांढऱ्या, मूठभर प्रती काढत. धंद्यात त्यांना 'अ‍ॅशकॅन' म्हणजे राखेचा डबा म्हणतात, कारण काम झालं की त्यांची जागा तीच. फॉसेटने एकच मजकूर 'फ्लॅश कॉमिक्स' आणि 'थ्रिल कॉमिक्स' अशा दोन नावांनी काढून पाहिला. त्यात नायकाचं नावही कॅप्टन थंडर आहे. तोवर जानेवारी १९४० च्या तारखेचा दुसऱ्या प्रकाशकाचा फ्लॅश कॉमिक्स १ बाजारात आला, 'थ्रिलिंग' हे नावही दुसरीकडे गेलं. मग नाव व्हिझ झालं, थंडरचा मार्व्हल झाला, आणि राखेच्या डब्यातल्या प्रतीलाच क्रमांक १ धरून पुढची मोजणी सुरू झाली.

बिल पार्कर आणि सी. सी. बेक यांचं हे काम मला सुपरमॅनच्या पहिल्या गोष्टीपेक्षा उजवं वाटतं. बेक यांची रेष कुठेही घाम गाळताना दिसत नाही. पण हे सूचीत लिहायची जागा नाही, म्हणून इथे.

९ ऑगस्ट

ईसी कॉमिक्स. या कंपनीच्या नोंदी तक्त्यात भरायला घेतल्या की ओळी एकमेकींत गुंततात. सावकाश लिहितो.

अमेरिकन टपाल खातं नियतकालिकांना स्वस्त दर देई. त्याला द्वितीय श्रेणी म्हणत. सवलतीसाठी मालिकेची नोंदणी करायची, त्याचं शुल्क भरायचं. शिवाय अंकात थोडा निव्वळ मजकूर हवा, नुसती चित्रं चालणार नाहीत. जुन्या कॉमिक्समध्ये मध्येच दोन पानांची नीरस गद्य कथा येते ती याच नियमाची देणगी; मुलं ती उलटून पुढे जात. नव्या मालिकेसाठी नवं शुल्क. ते वाचवायचा सोपा उपाय म्हणजे जुनीच मालिका चालू आहे असं दाखवून फक्त नाव बदलायचं आणि क्रमांक पुढे न्यायचा. हे सगळेच करत. ईसीने त्याची कमाल केली.

'मून गर्ल अँड द प्रिन्स' ही १९४७ ची साहसकथा. दुसऱ्या अंकापासून नुसती 'मून गर्ल'. गुन्हेकथा चालू लागल्या तेव्हा 'मून गर्ल फाइट्स क्राइम'. मग प्रेमकथांची लाट आली आणि नवव्या अंकापासून 'अ मून, अ गर्ल... रोमान्स'. आणि मे-जून १९५० मध्ये, १३ व्या क्रमांकावर, 'वीअर्ड फँटसी' ही विज्ञानकथांची मालिका. चंद्र, मुलगी आणि प्रेम तिन्ही गेले, आकडा तेवढा राहिला.

त्याच हंगामात बाकीच्याही निघाल्या. 'क्राइम पेट्रोल'ची १७ व्या अंकाला 'क्रिप्ट ऑफ टेरर' झाली आणि २० व्याला 'टेल्स फ्रॉम द क्रिप्ट'. 'वॉर अगेन्स्ट क्राइम'ची १२ व्याला 'व्हॉल्ट ऑफ हॉरर'. काउबॉयच्या 'गनफायटर'ची १५ व्याला 'हाँट ऑफ फिअर'. 'सॅडल रोमान्सेस' या घोड्यावरच्या प्रेमकथांची १२ व्याला 'वीअर्ड सायन्स'.

मग टपाल खात्याने हरकत घेतली. निदान तीन मालिकांच्या बाबतीत सांगितलं की ही नवी प्रकाशनं आहेत, क्रमांक त्यांचे स्वतःचे लावा. पण १ पासून नव्हे. निघालेले अंक मोजून पुढचा आकडा. म्हणून हाँट ऑफ फिअरचा क्रम असा आहे: १५, १६, १७, ४. वीअर्ड सायन्स १२ ते १५, मग ५. वीअर्ड फँटसी १३ ते १७, मग ६.

याचा परिणाम दोन वर्षांनी दिसतो. मोजणी ५, ६, ७ करत १९५२ मध्ये पुन्हा १२ वर आली, आणि वीअर्ड सायन्सचा दुसरा १२ वा अंक निघाला. हाँट ऑफ फिअरचे १५, १६, १७ पुन्हा आले. म्हणजे एका नावाचे, एका क्रमांकाचे, दोन निराळे अंक. तक्त्याची यंत्रणा नाव आणि क्रमांक मिळून एक ओळख धरते, त्यामुळे मैत्रिणीने दुसरी ओळ भरताच 'ही नोंद आधीच आहे' असा लाल पट्टा आला.

हाँट ऑफ फिअरचा सोडलेला १८ क्रमांकही वाया गेला नाही. नोव्हेंबर-डिसेंबर १९५० मध्ये हार्वी कर्ट्झमन यांची 'टू-फिस्टेड टेल्स' निघाली ती थेट १८ पासून. युद्धकथांची ती मालिका भयकथांच्या आणि त्याआधी काउबॉयच्या आकड्यावर उभी आहे. तिला क्रमांक १ कधी नव्हताच.

त्यातल्या त्यात 'मॅड' सरळ: ऑक्टोबर-नोव्हेंबर १९५२, क्रमांक १, किंमत १० सेंट. एका ओळीत नोंद झाली.

११ ऑगस्ट

ईसीनंतर नवा रकाना घातला: 'आकडा कोणी ठरवला'. पर्याय तूर्त टपाल, नावाची मालकी, वितरक, दुकान. या सूचीतला हाच रकाना पुढे कामाचा ठरेल असं वाटतंय. पहिला अंक कोणता, याचं उत्तर गोष्ट कुठे सुरू होते यावर क्वचितच ठरतं. कुणाला शुल्क वाचवायचं होतं, कुणाला जास्त माल खपवायचा होता, यावर ठरतं.

शिवाय लाल पट्ट्याचा प्रश्न सुटला: ओळख म्हणून क्रमांकाऐवजी विक्रीची तारीख.

२० ऑगस्ट

डेल या प्रकाशकाची 'फोर कलर' मालिका. दर अंकाला वेगळं नाव, वेगळी पात्रं, पण क्रमांक एकच सलग. १९६२ पर्यंत तेराशेच्या वर अंक. नवं पात्र इथे चालतं का बघायचं, चाललं की स्वतंत्र मालिका. अंकल स्क्रूजचे तीन अंक इथे निघाले: ३८६, ४५६, ४९५. स्वतंत्र मालिका सुरू झाली तेव्हा हे तीन जमेस धरून पहिला क्रमांक ४ लावला. म्हणजे स्क्रूजचा १ हवा असेल तर तो ३८६ या नावाने शोधायचा. स्क्रूज रचणाऱ्या कार्ल बार्क्स यांच्या चाहत्यांना हे पाठ असतं. बाकीच्यांसाठी शेरा लिहिला.

डोनाल्ड डकचंही असंच, १९५२ मध्ये २६ पासून.

३० ऑगस्ट

द फ्लॅश, १०५, फेब्रुवारी-मार्च १९५९. जुनं 'फ्लॅश कॉमिक्स' १९४९ मध्ये १०४ ला बंद पडलेलं. मधे दहा वर्षं गेली, नायक बदलला, पोशाख बदलला, 'शोकेस' ४ मध्ये १९५६ साली नव्या फ्लॅशची चाचणीही झाली. तरी आकडा जुन्याचाच पुढे नेला. त्या काळी स्टॉलवाला १ क्रमांकाकडे संशयाने बघे. चालेल की नाही कोण जाणे, मग जागा कशाला अडवा. १०५ म्हणजे जम बसलेली मालिका. आज नेमकं उलटं आहे, त्याची नोंद पुढे येईल.

७ सप्टेंबर

मार्व्हल (गुडमन यांच्या टायमलीचंच पुढचं नाव), १९६८. तक्त्यातली सर्वांत विचित्र ओळ याच वर्षाची.

मागची गोष्ट १९५७ ची. गुडमन यांनी आपली वितरण व्यवस्था मोडून अमेरिकन न्यूज कंपनीकडे काम दिलं आणि थोड्याच दिवसांत त्या कंपनीने हा व्यवसायच सोडला. नाइलाजाने ते इंडिपेंडंट न्यूजच्या दारात गेले, जी डीसीच्याच मालकांची. प्रतिस्पर्ध्याने माल उचलायचं कबूल केलं, पण महिन्याला साधारण आठच अंक. म्हणून १९६१ नंतर जे गाजले त्या नायकांना स्वतंत्र मालिका देता आल्या नाहीत. दोघा-दोघांना एका अंकात कोंबलं. टेल्स ऑफ सस्पेन्समध्ये आयर्न मॅन आणि कॅप्टन अमेरिका, टेल्स टू अ‍ॅस्टॉनिशमध्ये हल्क आणि सब-मरिनर, स्ट्रेंज टेल्समध्ये निक फ्युरी आणि डॉक्टर स्ट्रेंज. नवी मालिका काढायची तर जुनी एक मारावी लागे. १९६२ ची हल्कची स्वतःची मालिका सहा अंकांत संपली होती, तीही याच टंचाईत.

१९६८ च्या सुरुवातीला मर्यादा सैल झाली आणि जोड्या फोडल्या. एकाने जुना आकडा घ्यायचा, दुसऱ्याने १ पासून सुरू करायचं. कॅप्टन अमेरिकेला १०० मिळाला, आयर्न मॅनला १. हल्कला १०२, सब-मरिनरला १. डॉक्टर स्ट्रेंजला १६९, निक फ्युरीला १. तेव्हाच्या हिशेबाने वारसा मिळालेले नशीबवान. आजच्या बाजारात उलट: आयर्न मॅन १ ला किंमत, हल्क १०२ बापडा बाजूला.

पण आयर्न मॅन आणि सब-मरिनर या दोघांच्या मालिका मे महिन्याच्या, आणि त्यांच्या जुन्या घरांची नावं एप्रिललाच बदललेली. मधला एक महिना दोघेही रस्त्यावर. गोष्टी तर क्रमशः चालू होत्या. म्हणून एप्रिल १९६८ मध्ये 'आयर्न मॅन अँड सब-मरिनर' असा एक अंक काढला, क्रमांक १. दुसरा कधीच निघायचा नव्हता, हे काढणाऱ्यांनाही ठाऊक होतं. दोन अर्धवट गोष्टींना महिनाभर निवारा म्हणून छापलेला हा अंक माझ्या १५ जुलैच्या कसोटीत बसत नाही, कारण याच्यामागे दुसरा येत नाही. तरी ठेवला. शेरा: 'एकुलता'.

'आकडा कोणी ठरवला' मध्ये या सगळ्या ओळींना: वितरक.

१४ सप्टेंबर

पुनर्मुद्रणं. दोन प्रकरणं.

'क्लासिक कॉमिक्स' १, ऑक्टोबर १९४१, 'थ्री मस्केटियर्स'. ही मालिका जुने अंक पुन्हा पुन्हा छापून विकत राही आणि मूळ तारीख तशीच ठेवी. मग हातातली प्रत कोणत्या खेपेची? मलपृष्ठावर मागणीसाठी उपलब्ध अंकांची यादी असते. तिच्यातला सर्वांत मोठा क्रमांक बघायचा. पहिल्या अंकाच्या यादीत साठ-सत्तरावा अंक असेल तर ती प्रत त्यानंतरची. तारखेपेक्षा जाहिरात जास्त खरं बोलते, अशी ही एकच जागा मला आढळली.

दुसरं, डीसीने १९७४ पासून काढलेल्या 'फेमस फर्स्ट एडिशन'. अ‍ॅक्शन कॉमिक्स १ आतल्या जाहिरातींसकट हुबेहूब छापला, फक्त आकार बराच मोठा आणि वर एक जाड वेष्टन-मुखपृष्ठ. ते वेष्टन काढून टाकलं की आत मूळ मुखपृष्ठ, जून १९३८, १० सेंट. घरात सापडला म्हणून कुणी अ‍ॅक्शन १ दाखवला तर आधी पट्टी लावायची: मूळ अंकाची उंची साडेदहा इंचांच्या आसपास, हा जवळजवळ साडेतेरा.

२८ सप्टेंबर

सत्तरच्या दशकात विक्रीची तऱ्हाच बदलली. स्टॉलवरून न खपलेला माल परत जाई; पुढे पुढे तर मुखपृष्ठ फाडून किंवा नुसतं लिहून देऊन परतावा मिळे. फिल सूलिंग यांनी १९७३ च्या सुमारास कॉमिक्सच्या खास दुकानांसाठी वेगळी सोय लावली: सूट जास्त, पण माल परत नाही. दुकानदाराने स्वतः अंदाज बांधायचा, चुकला तर गठ्ठे त्याच्याच गळ्यात. दोन वाटांच्या प्रती वेगळ्या ओळखता येतात: स्टॉलच्या प्रतीवर बारकोड, दुकानाच्या मार्व्हल प्रतीवर त्याच चौकटीत बऱ्याचदा स्पायडरमॅनचा छोटा चेहरा. 'डॅझलर' १, मार्च १९८१, फक्त दुकानांत विकला आणि चार लाखांवर गेला. १ या आकड्याला भाव आला तो इथून.

छोट्या प्रकाशकांनाही याच वाटेने जागा मिळाली. 'टीनएज म्युटंट निन्जा टर्टल्स' १, मे १९८४, केव्हिन ईस्टमन आणि पीटर लेअर्ड यांनी स्वतः काढलेला, काळा-पांढरा, पहिली छपाई साधारण ३,००० प्रतींची. याच्या नकली प्रतीही आहेत, १९७७ च्या कॅनेडियन 'सेरेबस' १ च्याही आहेत. कमी छापलेल्या पहिल्या अंकाची ही दुसरी बाजू.

आणि जास्त छापलेल्याची? 'एक्स-मेन' १, ऑक्टोबर १९९१. पाच मुखपृष्ठं, चार जोडली की एक चित्र होतं, पाचव्यात ते सगळं घडी घालून. दुकानांनी मागवलेल्या प्रती ८१ लाख. वाचक तेवढे नव्हते. एकेक जण पाच-पाच प्रती घेऊन पिशवीत ठेवत होता, वीस वर्षांनी घर होईल या आशेने. ज्या वस्तूच्या ऐंशी लाख प्रती जपून ठेवल्या आहेत ती दुर्मीळ कशी होणार, हा हिशेब दुकानदारांनाही १९९३ नंतर कळला, आणि अनेकांनी तोवर गाळे सोडले होते. ही ओळ भरताना कंटाळा आला. पाच उप-नोंदी, सगळीकडे तोच मजकूर.

त्यापेक्षा शून्य मजेशीर. 'झॅप कॉमिक्स'चा ० रॉबर्ट क्रम्ब यांनी आधी काढला, पण मूळ चित्रं हातची गेली; १ आधी छापला गेला, १९६८ मध्ये, आणि ० छायाप्रतींवरून नंतर. हा प्रामाणिक शून्य. १९९४ ला डीसीची 'झिरो अवर' मात्र ठरवून उलटी: पहिला अंक ४, मग ३, २, १, शेवटी ०. सूचीत तिचा पहिला अंक म्हणून ४ लिहिला.

१२ ऑक्टोबर

उरलेलं काम नव्याने सुरू झालेल्या जुन्या मालिकांचं. पडताळा म्हणून बेरजा केल्या. फँटास्टिक फोर: १९६१ पासून ४१६ अंक, मग १९९६ ला पुन्हा १ पासून १३, मग १९९८ पासून ७०. बेरीज ४९९, आणि २००३ मध्ये मुखपृष्ठावर ५००. अमेझिंग स्पायडरमॅन: ४४१ अधिक ५८, पुन्हा ४९९, पुन्हा ५००. नव्या १ ने खप उसळतो आणि गोल आकड्यानेही उसळतो. तेव्हा आधी जुना आकडा मोडायचा, मग गोल आकडा जवळ आला की जोडायचा. पुढे मार्व्हलने दोन्ही आकडे एकाच मुखपृष्ठावर छापायला घेतले, लहान आणि मोठा. लाज सोडली म्हणायचं, पण सूची करणाऱ्याची सोय झाली.

अ‍ॅक्शन कॉमिक्सचं शेवटी घेतलं. ९०४ अंकांनंतर २०११ मध्ये पुन्हा १, तिथून ५२, बेरीज ९५६, २०१६ मध्ये ९५७, आणि एप्रिल २०१८ ला १०००. हिशेब जुळतो. फक्त १९९४ मधला ० क्रमांकाचा अंक, १९९८ मधला १०,००,००० क्रमांकाचा अंक (हो, दहा लाख, त्या महिन्यात डीसीच्या मालिकांवर हाच आकडा होता), २०१२ मधला पुन्हा ०, आणि २०१३ मधले २३.१, २३.२, २३.३, २३.४ हे कुणी मोजलेच नाहीत. ते सात धरले तर ज्या अंकावर ९९३ छापलंय तोच खरा हजारावा.

मैत्रिणीने विचारलं, मग सूचीत १००० वा म्हणून कुठला दाखवायचा? छापला तोच. खाली सात अंकांची टीप. क्रम सगळीकडे विक्रीच्या तारखेने लावला आहे आणि 'आकडा कोणी ठरवला' हा रकाना क्रमांकाच्या लगेच शेजारी आणला. ईसीच्या ओळी तिने एकदा वाचून दाखवल्या की धारिका बंद करतो. पुढच्या खेपेला ब्रिटिश साप्ताहिकं.